इंग्रजी वाक्प्रचार : ऐकण्याचे आणि बोलण्याचे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांचा एक कप्पा असतो, आणि त्यात वाक्प्रचारांच्या याद्या हमखास सापडतात. डाव्या बाजूला ‘किक द बकेट’, उजव्या बाजूला ‘मरण पावणे’. डावीकडे ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’, उजवीकडे ‘मुसळधार पाऊस पडणे’. यामागची समजूत सर्वांना ठाऊक आहे. व्याकरणाने कामापुरते इंग्रजी येते, अस्सल इंग्रजी यायचे तर असे रंगीत वाक्प्रचार तोंडपाठ हवेत, आणि बोलण्यात ते जितके पेरावेत तितकी छाप पडते. स्पोकन इंग्लिशचे कितीतरी क्लास याच समजुतीवर चालतात. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांनाही आपल्या मुलाला ‘खरे’ इंग्रजी मिळते आहे असे वाटते ते यामुळेच.

ही समजूत उथळ आहे, आणि तिच्यामुळे नुकसान होते. माझे म्हणणे असे आहे: रंगीत वाक्प्रचार ऐकून कळावेत यासाठी शिकावेत, ते बोलून दाखवण्याची घाई करू नये. रोजचे इंग्रजी ज्यांच्या आधारावर उभे असते ते वाक्प्रचार बिनरंगी असतात, नजरेत भरत नाहीत, म्हणून कोणत्याही यादीत येत नाहीत. मराठी माणसाचे इंग्रजी अडते ते नेमके तिथे. आणि ते शिकण्याची सर्वांत जवळची वाट मराठीतून जाते, ती आपण स्वतःहून बंद करून ठेवली आहे.

१. जे डोळ्यांत भरते ते कानावर क्वचित पडते

कोणता वाक्प्रचार किती वापरला जातो हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. छापील आणि बोली इंग्रजीचे प्रचंड संग्रह संगणकावर तपासता येतात. रोझमंड मून यांनी सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांच्या संग्रहात इंग्रजीतले ठरीव शब्दप्रयोग शोधले आणि १९९८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांतले बहुसंख्य प्रयोग दहा लाख शब्दांमागे एकदाही येत नाहीत, असे त्यांना आढळले. दहा लाख शब्द म्हणजे दहा-बारा चांगल्या जाड कादंबऱ्या. एवढे वाचून जो प्रयोग एकदाही भेटेल याची खात्री नाही, तो आपण आठवीच्या मुलाकडून घोकून घेतो आणि त्याला ‘रोजचे इंग्रजी’ म्हणतो.

कुत्र्यामांजरांच्या पावसाचेच घ्या. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली उच्चभ्रू समाजातल्या संभाषणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतःचा विचार न करता ठरीव वाक्ये एकमेकांच्या तोंडावर फेकणाऱ्या माणसांची ती खिल्ली आहे, आणि हा पाऊस त्या पुस्तकात पडतो. म्हणजे जो प्रयोग पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच एका मोठ्या लेखकाला झिजलेल्या बोलण्याचा नमुना म्हणून उपयोगी पडला, तो आपल्याकडे आज भाषेचा दागिना म्हणून मिरवतो. पुढे १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरच्या निबंधात लेखकांसाठी जे नियम घातले, त्यांतला पहिलाच नियम छापून छापून गुळगुळीत झालेल्या उपमा-रूपकांना मज्जाव करणारा आहे. ज्या भाषेचे जाणते लेखक ज्यापासून दूर पळतात, त्याच्याच मागे आपण विद्यार्थ्यांना धाडतो आहोत.

२. यादीत अर्थ असतो, औचित्य नसते

समजा, एखादा प्रयोग खरोखरच प्रचारात आहे. तरी यादी त्याबद्दल काय सांगते? फक्त अर्थ. आता मराठीत ‘मरण पावणे’ या एका अर्थाभोवती काय काय आहे ते पाहा: वारणे, निवर्तणे, निधन होणे, देवाघरी जाणे, कैलासवासी होणे, खपणे, गचकणे. शेजारच्या काकांच्या घरी भेटायला गेलेला मराठी माणूस ‘काका गचकले’ असे म्हणणार नाही, आणि हे त्याला कुणी शिकवलेले नसते. कोण, कोणाबद्दल, कोणासमोर, कोणत्या प्रसंगी बोलतो आहे, हे सगळे त्या शब्दाला चिकटलेले असते. ‘किक द बकेट’ हा साधारण ‘गचकणे’च्या घरचा शब्द आहे. यादीत त्याच्यासमोर ‘मरण पावणे’ लिहिले की त्याचे घर पुसले जाते. मग कुणी तो सांत्वनाच्या पत्रात वापरला, तर दोष त्या मुलाचा कसा म्हणायचा?

व्याकरणाच्या अंगानेही यादी मुकी असते. माणूस आठवडाभर मरणाच्या दारात असेल तर ‘डाइंग’ म्हणता येते; ‘किकिंग द बकेट’ मात्र त्या अर्थाने इंग्रज म्हणत नाही, कारण तो प्रयोग क्षणात संपणाऱ्या घटनेचा आहे. उलट ‘स्पिल द बीन्स’ पुष्कळ लवचीक आहे. त्यातल्या ‘बीन्स’ म्हणजे गुपिते आणि ‘स्पिल’ म्हणजे ती फोडणे, असा तुकड्यातुकड्याने अर्थ लागतो, म्हणून वाक्य कर्मणी केले तरी चालते. जेफ्री ननबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वासो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ साली हा भेद नेटकेपणाने मांडला. बोलणाऱ्याला हा भेद नकळत ठाऊक असतो, घोकणाऱ्याला नसतो. पाठांतराने मिळालेला वाक्प्रचार त्यामुळे बहुधा चुकीच्या जागी, चुकीच्या रूपात, चुकीच्या माणसासमोर बाहेर पडतो.

३. रोजचा वाक्प्रचार बिनरंगी असतो

मुद्दा उलट बाजूने पाहू. मराठी शिकणारा एखादा परदेशी माणूस ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ बिनचूक म्हणतो, पण निरोप घेताना दारात उभा राहून ‘मी जातो’ म्हणतो. आपल्या घरात निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘येतो’ या शब्दात चित्र नाही, गंमत नाही, कुठल्या यादीत तो सापडायचा नाही. पण मराठी घरात वावरण्याचा परवाना तिथे आहे. कळसा येऊन त्याची भरपाई होत नाही.

इंग्रजीतही असेच आहे. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी १९८३ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. व्याकरणदृष्ट्या निर्दोष अशी असंख्य वाक्ये शक्य असताना, मातृभाषिक माणूस त्यांतली मोजकीच का वापरतो, आणि तीही न अडखळता? त्यांचे उत्तर असे, की तो शब्द एकेक करून जुळवत नाही. हजारो तयार जुळण्या त्याच्या जिभेवर असतात. या जुळण्यांत रंग जवळजवळ नसतो. त्यांचे मला तीन गट महत्त्वाचे वाटतात. पहिल्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही: कोणता शब्द कोणाशेजारी बसतो. इंग्रजीत चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. मराठीत शपथ घेतात आणि नवस बोलतात. याला कारण नाही, सवय आहे, आणि सवय वाचनाने लागते. दुसऱ्या दोन गटांवर मात्र थांबायला हवे.

अप, आउट, ऑफ, ऑन

‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘गो’ यांसारख्या क्रियापदांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ ही चिमुकली अव्यये जोडून होणारे प्रयोग मराठी विद्यार्थ्याला सर्वांत छळतात. ते असंख्य आहेत असे तो धरून चालतो. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये मोजदाद केली, तेव्हा २० क्रियापदे आणि ८ अव्यये यांच्या जुळण्यांतच अशा प्रयोगांचा निम्म्याहून अधिक वापर सामावतो असे दिसले. म्हणजे शिकायचे क्षेत्र आटोक्यातले आहे.

आणि ते आपल्याला परकेही नाही. ‘बोलणे’ घ्या. बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकले, बोलून दाखवले, बोलून ठेवले. क्रिया एकच, पण पहिल्यात भान सुटले आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप आहे, तिसऱ्यात मोकळे होणे आहे, चौथ्यात हेतू आहे, पाचव्यात पुढची तजवीज आहे. मुख्य क्रियापदाला दुसरा लहानसा शब्द जोडून क्रियेची छटा बदलणे हे काम मराठी सहायक क्रियापदांकडून करून घेते आणि इंग्रजी पुष्कळदा अव्ययांकडून. ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत जो फरक आहे तो ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत आहे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे. ‘अप’ इथे क्रिया तडीस नेते. एकास एक अशी जोडी सगळीकडे लागणार नाही. ‘वाचून घे’ आणि ‘वाचून दे’ यांत लाभ कोणाचा हे मराठी जसे दाखवते, तसे दाखवणारे अव्यय इंग्रजीकडे नाही. पण ही यंत्रणा आपल्या भाषेत आहे, आपण ती दिवसभर वापरतो, हे विद्यार्थ्याला एकदा दिसले की त्याची भीती जाते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कितीतरी मराठी पिढ्यांना इंग्रजीच्या दारापर्यंत मराठीचा हात धरून नेले होते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये हा दंडक नंतरचा, आणि त्याची किंमत विशेषतः मराठी शाळांतल्या मुलांनी मोजली आहे.

‘द्या’मधला आदर कुठे जातो?

तिसरा गट सौजन्याचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हानी इथे होते. ‘जरा फाइल द्या’ हे वाक्य पुरेसे सभ्य आहे. त्यातला आदर ‘द्या’च्या शेवटात बसला आहे, ‘दे’ आणि ‘द्या’ यांतला फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो. वाक्य इंग्रजीत नेले की दोन्हींचे ‘गिव्ह’ होते आणि आदर वाटेत गळून पडतो. बोलणाऱ्याला वाटते आपण नम्रपणे मागितले. ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. ‘प्लीज’ जोडल्याने हुकमाची धार थोडी कमी होते, इतकेच.

इंग्रजीने तो आदर क्रियापदाच्या रूपात न ठेवता ठरीव वाक्यांशांत ठेवला आहे: ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’. शेवटच्या प्रयोगात विनंती आजची असून काळ भूतकाळ आहे, कारण मागणी काळाने दूर सरकवली की समोरच्याला नकार द्यायला जागा मिळते. ‘वुड यू माइंड’ला होकार द्यायचा तर उत्तर ‘नो’ने सुरू करावे लागते. नकार सांगण्यापूर्वी इंग्रज ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणतो, त्यात भीतीचा लवलेश नसतो. ‘नॉट बॅड’ ही पुष्कळदा खरी शाबासकी असते. हे सगळे वाक्प्रचारच आहेत, कारण शब्दांच्या बेरजेतून त्यांचा अर्थ निघत नाही. मराठीतही ‘तेवढं जरा बघाल का?’ यातल्या ‘तेवढं’ आणि ‘जरा’ यांना मोजमापाचा अर्थ नसतो. ओझे हलके असल्याचा दिलासा त्यांत असतो. मुलाखतीत, फोनवर, ईमेलमध्ये मराठी तरुणाला ‘उद्धट’ म्हटले जाते तेव्हा त्याच्या स्वभावाबद्दल निवाडा होत असतो, आणि कारण असते न शिकवलेले दहा-पंधरा वाक्यांश. मला हे अन्यायाचे वाटते.

ठरीव शब्दाचे वजन किती असते याचे एक भीषण उदाहरण आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालेले आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळले. १५८ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. खराब हवामान, आकाशात घालाव्या लागलेल्या लांबच लांब घिरट्या, अशी कारणे अनेक होती. पण इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले होते, प्राधान्यही मागितले होते. नियंत्रकांचा कान ज्या शब्दाला तात्काळ जागा होतो तो ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांच्याकडून गेला नाही. बोललेले इंग्रजी चूक नव्हते. त्या जागी जे म्हणायचे ठरलेले असते ते म्हटले गेले नाही.

४. चित्रे सुटी नसतात, त्यांची कुळे असतात

मग रंगीत वाक्प्रचार टाकूनच द्यायचे का? नाही. ते समजलेच पाहिजेत. पण कुळाने शिकावेत, यादीने नव्हे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० सालच्या ग्रंथात दाखवले की रूपके एकेकटी येत नाहीत. विचाराची एखादी मोठी चौकट असते आणि तिच्यातून शेकडो प्रयोग निघतात. राग ही अशीच चौकट. अमेरिकी इंग्रजीतला राग बंद भांड्यात तापणारा द्रव आहे, असे लेकॉफ आणि झोल्टान कोव्हेचेश यांचे निरीक्षण आहे. म्हणून तिथे माणूस ‘बॉइल’ होतो, ‘लेट ऑफ स्टीम’ करतो, त्याचे झाकण उडते. मराठीतला राग आगीचा: तळपायाची आग मस्तकात जाते, अंगाचा तिळपापड होतो. उष्णता दोन्हीकडे आहे. दाब आणि वाफ तिकडची. हे लक्षात आले की न ऐकलेला दहावा प्रयोगही उलगडतो.

मराठीत गुपित पोटात राहते, अपराध पोटात घातला जातो, माया पोटात असते. इंग्रजीत मनावरचे ओझे छातीवरून उतरते. शरीराचा हा दोन भाषांतला नकाशा शेजारी ठेवून पाहणे हा वर्गातला उत्तम तास होऊ शकतो.

दुसरी कुळे इतिहासाने घडवली. बेटावरचे इंग्रज शतकानुशतके शिडाच्या जहाजांवर जगले. ‘टेकन अबॅक’ म्हणजे समोरून वारा येऊन शीड डोलकाठीवर दाबले जाणे, ‘नो द रोप्स’ म्हणजे जहाजावरचे दोर ओळखता येणे. अमेरिकेचे इंग्रजी बेसबॉलच्या मैदानावर वाढले. हिंजवडीत बसून अमेरिकी ग्राहकाशी बोलणाऱ्या मुलीला ‘बॉलपार्क’ म्हणजे अंदाजी आकडा, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क, आणि ‘टेक अ रेन चेक’ म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी, हे कळलेच पाहिजे. पावसाने सामना रद्द झाला तर पुन्हा येण्यासाठी मिळणारी चिठ्ठी हे त्याचे मूळ कळले की प्रयोग विसरला जात नाही. मूळ कथा सांगितल्याने वाक्प्रचार अधिक लक्षात राहतात, हे फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवले आहे. क्रिकेट तर आपल्या घरचे. तरी सावध राहावे लागते: मराठीत षटकार मारणारा यशस्वी असतो, ब्रिटिश इंग्रजीत ‘हिट फॉर सिक्स’ झालेला माणूस कोलमडलेला असतो. आपण फलंदाजाच्या बाजूने पाहतो, तो प्रयोग चेंडूच्या बाजूने पाहतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप न्यायाचा आहे: रंगीत भाषा इतरांसाठी आणि कामचलाऊ भाषा आमच्या मुलांसाठी, ही दुय्यमता का पत्करायची? मला या प्रश्नातली चीड मान्य आहे, पण रोख चुकीचा आहे. आज जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ते मातृभाषा नसलेलेच बहुसंख्य आहेत. व्हिएन्नाच्या बार्बरा साइडलहोफर यांनी अशा लोकांच्या आपसांतल्या बोलण्याचा अभ्यास केला. संवाद फिसकटण्याचे एक ठळक कारण त्यांनी नोंदवले ते एकतर्फी वाक्प्रचाराचे: एकजण वापरतो, दुसऱ्याला तो ठाऊक नसतो. पुण्याचा अभियंता जर्मन किंवा जपानी सहकाऱ्याशी बोलताना असा प्रयोग फेकतो तेव्हा तो वरचढ ठरत नाही, दार बंद करतो. शिवाय आपण निव्वळ उसनवारी करणारे नाही. ‘डोके खाऊ नको’चे ‘डोन्ट ईट माय हेड’ भारतभर चालते, ‘आउट ऑफ स्टेशन’ आजही कचेऱ्यांत जिवंत आहे. भारतीय इंग्रजीच्या या जडणघडणीला ब्रज काचरू यांनी आयुष्यभर अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्या प्रयोगामागे आपले जगणे आहे तो आपण आत्मविश्वासाने वापरावा. फक्त समोरच्याला कळेल का, हे पाहून.

दुसरा आक्षेप साहित्याचा. वाक्प्रचार न येता वुडहाउस कसा वाचणार? बरोबर आहे, नाही वाचता येणार. त्याचा विनोद ठरीव प्रयोगाला ऐन वेळी वाकवण्यातून येतो, आणि मूळ प्रयोग माहीत नसेल तर वाकवलेला ओळखू येत नाही. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. वाचकाला ओळखण्याचे ज्ञान लागते. आणि ते वाचतावाचताच मुरते, प्रसंगासकट, सुरासकट.

तिसरा आक्षेप परीक्षेचा, आणि व्यवहारात हाच सर्वांत जड. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत, एमपीएससीच्या इंग्रजीत वाक्प्रचारांवर प्रश्न येतात. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेच्या निकषांत सातव्या बँडपासून ‘इडिओमॅटिक’ शब्दसंपदेचा उल्लेख आहे. मग पाठांतराला पर्याय काय? आयईएलटीएसबद्दल तर गैरसमजच आहे. त्याच निकषांत नवव्या बँडला अशी भाषा अचूक हवी असे म्हटले आहे. तिथे अपेक्षा त्या भाषेच्या वळणाने बोलण्याची आहे. दर दोन वाक्यांनी ‘वन्स इन अ ब्लू मून’ आणणाऱ्या उमेदवाराची सहजता तिथल्या तिथे संपते. स्पर्धा परीक्षांचे तसे नाही. तिथे पर्याय निवडायचा असतो, म्हणजे ओळख तपासली जाते, आणि तेवढ्यापुरती यादी वाचणाऱ्याला मी अडवणार नाही. दोष प्रश्न काढणाऱ्यांचा आहे. अर्थ विचारला की उत्तरपत्रिका तपासणे सोपे जाते, म्हणून अर्थ विचारला जातो. प्रसंग देऊनही बहुपर्यायी प्रश्न काढता येतो: वरिष्ठांनी जेवायला बोलावले आहे, जाणे शक्य नाही, पुढील चार उत्तरांपैकी कोणते द्याल? चारही उत्तरे व्याकरणाने शुद्ध ठेवावीत. एकात सरळ ‘नाही’ असावे, एकात मित्राला शोभेल असा रंगीत नकार, एकात लांबलचक माफी, आणि एकात ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरू होणारे दोन ओळींचे साधे वाक्य. असा एक प्रश्न दरवर्षी येऊ लागला, तर क्लासचालक पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तिका बदलतील.